ख्रिस्ती उपासनास्थळ आणि राष्ट्रध्वज : मराठी ख्रिस्ती परंपरेच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

महाराष्ट्रातील अनेक चर्चच्या आवारात १५ ऑगस्टच्या सकाळी दोन विधी एकामागोमाग पार पडतात. कॅथलिक समाजासाठी हा दिवस मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाचा सण आहे. मिस्सा आटोपली की भाविक अंगणात जमतात, तिरंगा फडकतो, राष्ट्रगीत होते आणि मुलांना खाऊ वाटला जातो. प्रोटेस्टंट मंडळ्यांत हा सण नसला तरी आधी प्रार्थना व मग झेंडावंदन हा क्रम परिचयाचा आहे. या दोन विधींच्या मध्ये चर्चचा उंबरठा असतो. राष्ट्रध्वजाने हा उंबरठा ओलांडून आत, वेदीच्या किंवा व्यासपीठाच्या शेजारी स्थान घ्यावे काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. परंतु २६ जानेवारी २००२ पासून लागू झालेल्या भारतीय ध्वजसंहितेने नागरिकांना व खाजगी संस्थांना वर्षभर ध्वज लावण्याची मोकळीक दिली आणि २०२२ च्या 'हर घर तिरंगा' मोहिमेने ही सवय घरोघरी नेली. त्यामुळे एखाद्या पाळकाच्या किंवा पंचकमिटीच्या मर्जीवर सोडून देण्याजोगी ही बाब राहिलेली नाही. ध्वजाची जागा अंगणात आहे, वेदीपाशी नाही, अशी या लेखाची भूमिका आहे. मात्र या भूमिकेची पाश्चात्त्य ग्रंथांतून मिळणारी कारणे मराठी ख्रिस्ती समाजाच्या स्थितीला पुरेशी लागू पडत नाहीत. ती कारणे येथील इतिहासातूनच शोधावी लागतात.

निशाणाचा स्थानिक अर्थ

मंगरूळपीरसारख्या गावातून पाहिले की या चर्चेची एक वेगळी बाजू ध्यानात येते. गावाच्या नावातच पीर आहे. हजरत दादा हयात कलंदर यांचा दर्गा आणि बिरबलनाथ महाराजांचे मंदिर ही येथील दोन मोठी श्रद्धास्थाने होत. देवळाच्या शिखरावरचा ध्वज, दर्ग्यावरचे निशाण, वारकऱ्याच्या खांद्यावरची भगवी पताका यांचा अर्थ येथे कोणाला विचारावा लागत नाही. हे स्थान कोणाचे आणि ही माणसे कोणाची, ते निशाण सांगते. मराठी धार्मिक व्यवहारात निशाण ही शोभेची वस्तू कधीच नव्हती. ते देवाच्या वा संताच्या सत्तेचे चिन्ह आहे.

या नजरेने वेदीशेजारच्या तिरंग्याकडे पाहिले तर काय दिसेल? अमेरिकेतील भाविकाला व्यासपीठाच्या कोपऱ्यातला ध्वज सवयीने दिसेनासा होतो. वऱ्हाडी माणसाला तो दिसत राहील, आणि ज्या देवाची येथे उपासना चालते त्याचेच हे निशाण, असा त्याचा सरळ अर्थ तो लावील. ख्रिस्ती श्रद्धेच्या दृष्टीने हा अर्थ चुकीचा आहेच. राष्ट्राच्या दृष्टीनेही तो चुकीचा आहे. १९२१ मध्ये गांधीजींनी ध्वजाची कल्पना मांडली तेव्हा तांबडा रंग हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा आणि पांढरा अन्य सर्व धर्मीयांचा, असा अर्थ सांगितला गेला होता. १९३१ मध्ये काँग्रेसने ध्वजाचे नवे रूप स्वीकारताना रंगांना धार्मिक अर्थ नाही असे स्पष्ट केले, आणि २२ जुलै १९४७ रोजी घटना समितीने अशोकचक्रांकित ध्वज स्वीकारला तो याच समजुतीने. पांढऱ्या पट्ट्यात ख्रिस्ती समाजाचा वाटा आहे, असे उत्साहाने सांगणारे वक्ते अजूनही भेटतात. त्यांना १९२१ आठवते, १९३१ आठवत नाही.

तीन परदेशी नमुने

चर्चमध्ये राज्यसत्तेची चिन्हे येण्याचे तीन नमुने भारतीय ख्रिस्ती माणसाच्या परिचयाचे आहेत. त्यांपैकी पहिला अमेरिकी होय. वऱ्हाडातील प्रोटेस्टंट कार्य प्रामुख्याने अमेरिकी मिशनांनी उभे केले : अकोला व अमरावती भागात ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स, यवतमाळात फ्री मेथडिस्ट, वाशीम व बुलढाण्याकडे चर्च ऑफ द नाझरीन. वाशीमचे रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल १९३८ पासून या मिशनच्या वैद्यकीय सेवेचे केंद्र राहिले. यवतमाळात १९५३ ते १९८३ या काळात युनियन बिब्लिकल सेमिनरी होती. ती पुढे पुण्यास गेली. बाके, उंच चौथरा आणि मध्यभागी व्यासपीठ असा चर्चगृहाचा आराखडा वऱ्हाडाने या मंडळींकडून घेतला. त्यांच्या मूळ देशात या चौथऱ्यावर राष्ट्रध्वज आणि १८९७ मध्ये ब्रुकलिन येथे कल्पिलेला 'ख्रिस्ती ध्वज' अशी जोडी ठेवण्याचा प्रघात दोन महायुद्धांच्या काळात बळावला. १९४२ च्या अमेरिकी ध्वजसंहितेत तर चर्चमधील ध्वज धर्मोपदेशकाच्या उजव्या हाताला, मानाच्या जागी असावा असे सांगितले आहे. उपासनेच्या मांडणीत मानाची जागा कोणती हे तेथे राज्याने ठरवले. अमेरिकेतील कॅथलिक बिशपांचा कल याउलट आहे : ध्वज वेदीच्या परिसरात न ठेवता बाहेरच्या दालनात ठेवावा, असे ते सुचवतात.

या नमुन्याचे टोक जर्मनीत दिसले. १९३३ नंतर 'जर्मन ख्रिस्ती' म्हणवणाऱ्या गटाने नाझी पक्षाचे ध्वज थेट वेदीपर्यंत आणले. मे १९३४ मध्ये बार्मेन येथे जमलेल्या इव्हँजेलिकल मंडळींनी काढलेल्या घोषणापत्राच्या घडणीत कार्ल बार्थ यांचा मोठा वाटा होता. ख्रिस्ताखेरीज अन्य कोणत्याही सत्तेला चर्चच्या प्रबोधनाचा स्रोत मानण्यास त्या घोषणापत्राने नकार दिला. भारतीय धर्मविद्यालयांत हे उदाहरण नेहमी शिकवले जाते. ते मोलाचेच आहे, पण त्याच्या मर्यादेचा विचार पुढे करावयाचा आहे.

दुसरा नमुना इंग्रजी राजवटीचा. मुंबईच्या कुलाब्यातील सेंट जॉन चर्च, म्हणजेच लोकांच्या तोंडचे अफगाण चर्च, १८५८ मध्ये उपासनेसाठी अर्पण झाले. ते उभारले गेले पहिल्या अफगाण युद्धात मेलेल्यांच्या स्मरणार्थ, आणि त्याच्या भिंतींवर पलटणींचे व अधिकाऱ्यांचे स्मृतिफलक आहेत. निवृत्त झालेली पलटणीची निशाणे चर्चमध्ये ठेवून ती तेथेच जीर्ण होऊ देण्याची अँग्लिकन प्रथा प्रसिद्ध आहे. मृतांचे स्मरण करण्यात गैर काही नाही. पण कोणत्या मृतांचे, हा प्रश्न उरतो. त्या युद्धात मेलेल्या बहुसंख्य हिंदी शिपायांचे आणि बाजारबुणग्यांचे त्या संगमरवरात काय स्थान आहे? चर्चची भिंत एकदा राज्याच्या स्मृतीला दिली की स्मरण कोणाचे करायचे हेही राज्यच ठरवते.

तिसरा नमुना गोव्याचा आहे आणि तो अधिक बोलका आहे. पोर्तुगीज राजाकडे 'पाद्रुआदो' या व्यवस्थेने चर्चचे आश्रयदातेपण होते. याच गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज येशूसंघीयाने १६१६ मध्ये 'क्रिस्तपुराण' सिद्ध केले. नवख्रिस्ती लोकांना त्यांच्या भाषेत, ओवीत, पुराणाच्या वळणाने ख्रिस्तकथा मिळाली. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढून स्थानिक लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी असा हुकूम केला. राज्यसत्ता आणि वेदी एकत्र आल्या तेव्हा पहिला घाव भाषेवर पडला, ही गोष्ट मराठी अभ्यासकाने विशेष लक्षात ठेवावी अशी आहे.

निष्ठेचा दाखला

वरील तिन्ही ठिकाणी ध्वज वा राजचिन्ह चर्चमध्ये आले ते सत्तेच्या आत्मविश्वासाने. महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजाची स्थिती नेमकी उलट आहे. येथे कोणी वेदीशेजारी तिरंगा ठेवू पाहत असेल तर त्यामागे बहुधा विजयाची भावना नसते. असतो तो शेजाऱ्याच्या संशयाला दिलेला जबाब. बार्मेनचा धडा येथे जसाच्या तसा लागू होत नाही तो यामुळे. बार्मेनच्या मंडळींना सत्तेच्या मोहापासून चर्चला वाचवायचे होते. वऱ्हाडातल्या मंडळीला भीतीपासून वाचायचे आहे.

या भीतीला वऱ्हाडात लिखित इतिहास आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत वऱ्हाड मध्य प्रदेशात होते. त्या राज्याच्या सरकारने १४ एप्रिल १९५४ रोजी नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली ख्रिस्ती मिशनरी कार्याच्या चौकशीसाठी समिती नेमली. तिचा अहवाल १९५६ मध्ये आला. धर्मांतराने माणसाची देशनिष्ठा दुबळी होण्याचा धोका असतो, हा या अहवालाचा गाभा होय. 'जय हिंद'ऐवजी 'जय येशू' म्हणण्यासारख्या तक्रारींचीही त्यात दखल आहे. अहवालाच्या निष्कर्षांवर तेव्हाही टीका झाली. परदेशी पैसा व परदेशी मनुष्यबळ यांवरील मिशनांचे अवलंबन हा त्यातला मुद्दा मात्र निराधार नव्हता, हे ख्रिस्ती विचारवंतांनीही मान्य करायला हवे. परंतु अभिवादनाच्या शब्दावरून निष्ठा मोजण्याची जी रीत तेथे दिसते, तिचेच पुढचे पाऊल म्हणजे ध्वजाच्या जागेवरून निष्ठा मोजणे.

येथे एक न्यायनिर्णय स्मरणात ठेवण्याजोगा आहे. केरळमधील 'यहोवाचे साक्षीदार' पंथाच्या कुटुंबातील तीन भावंडे शाळेत राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण श्रद्धेमुळे गात नसत. त्यासाठी त्यांना शाळेतून काढण्यात आले. ११ ऑगस्ट १९८६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बिजो इमॅन्युएल खटल्यात मुलांच्या बाजूने निकाल दिला. महाराष्ट्रातील कोणत्याही मुख्य ख्रिस्ती पंथाची राष्ट्रगीताविषयी अशी भूमिका नाही, हे खरे. तरीही आदर आणि प्रदर्शन यांत कायदा भेद करतो, हे या निकालाने स्पष्ट झाले. जो दाखला न्यायालय मागत नाही, तो मंडळीने वेदीवर का ठेवावा? शिवाय उपासनेत माणूस देवाला सामोरा जातो. शेजाऱ्याला दाखवायची वस्तू तेथे ठेवली की उपासनेचा रोख बदलतो. डोळे मिटलेल्या भाविकाचे अर्धे लक्ष दाराकडे, कोणी पाहते आहे काय याकडे, जाते.

टिळक आणि रमाबाई यांचा मार्ग

मग मराठी ख्रिस्ती माणसाचा देश उपासनेत कोठे असावा? या प्रश्नाला मराठी परंपरेतच उत्तर आहे, आणि ते ध्वजाहून जुने आहे.

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांची ख्रिस्ताशी ओळख झाली तीच आपल्या प्रदेशाच्या वाटेवर. नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात भेटलेल्या एका मिशनऱ्याने त्यांना नवा करार दिला. फेब्रुवारी १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे अमेरिकन मराठी मिशनमध्ये राहून त्यांनी जी भजने व अभंग रचले, त्यांनी मराठी चर्चचा कंठच बदलला. इंग्रजी चालींवर बसवलेली भाषांतरित गीते मागे पडली; टाळ, मृदंग, कीर्तन आत आले. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापाशी पोचलो, अशा आशयाचे टिळकांचे उद्गार सर्वश्रुत आहेत. त्यांचे देशप्रेम प्रखर होते आणि त्यांनी देशभक्तिपर कविताही लिहिल्या. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी सेवा सोडली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' ही संकल्पना मांडली. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. 'दरबार' हा राज्यसत्तेचा शब्द आहे. टिळकांनी तो राजाकडून काढून देवाला दिला, ही गोष्ट या चर्चेत निर्णायक म्हणावी लागेल. राज्याचे निशाण देवघरात नेण्यापेक्षा राज्याचा शब्द देवाच्या स्वाधीन करणे, ही दिशाच वेगळी आहे.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण याहून लहान, पण अधिक तीक्ष्ण आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे गळ्यात घालावयाच्या क्रूसावर लॅटिन अक्षरे का असावीत, संस्कृत का नकोत, यावरून त्यांनी तेथील भगिनींशी पत्रांतून वाद घातला. क्रूस त्यांना नको नव्हता. त्यावरील परकी सत्तेची भाषा नको होती. पुढे केडगावच्या मुक्तिमिशनमध्ये त्यांनी हिब्रू व ग्रीक शिकून स्वतः बायबलचे मराठी भाषांतर केले. आयुष्याच्या अखेरीपर्यंत, १९२२ पर्यंत, त्या कामातच गुंतल्या होत्या. सामान्य स्त्रियांना कळेल अशा मराठीचा त्यांनी धरलेला आग्रह आणि क्रूसावरील अक्षरांचा वाद ही एकाच विचाराची दोन टोके आहेत.

या मार्गाची स्तुती करताना त्यावरील एक गंभीर आक्षेप मात्र टाळता येत नाही. टिळक आणि रमाबाई दोघेही ब्राह्मण कुळातले. अहमदनगर, जालना या भागांतील बहुसंख्य ख्रिस्ती मंडळी महार व मांग समाजांतून आलेली. 'देशी' म्हणून चर्चमध्ये जे आले ते कोणाच्या घरचे देशी, हा प्रश्न दलित ख्रिस्ती विचारवंतांनी विचारला. १९८१ मध्ये बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजमध्ये अरविंद निर्मळ यांनी दलित धर्मचिंतनाची जी दिशा मांडली, तिचा रोख याच प्रश्नाकडे होता. कॅथलिक चर्चने १९६९ मध्ये भारतीय उपासनेसाठी मिळवलेल्या बारा मुद्द्यांवरही, म्हणजे आरती, अंजली, जमिनीवर बसणे इत्यादींवर, हीच टीका झाली. टीका रास्त आहे. तरी तिच्यातूनही ध्वजाला वेदीपाशी जागा मिळत नाही, उलट ती आणखी आक्रसते. संस्कृती कोणाची हा वाद ज्या राष्ट्रात संपलेला नाही, त्याचे एकच चिन्ह वेदीशी उभे केले तर तो वाद मिटत नाही, झाकला जातो. टाळमृदंगाविषयी मंडळीत वाद घालता येतो, चाल बदलता येते, डफ आणता येतो. ध्वजाविषयी वाद घालता येत नाही. त्याला फक्त सलामी देता येते.

अलीकडच्या काळात जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद (आजचे धाराशिव) येथील ९३ व्या मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो आले. त्यांच्या निवडीला काही गटांनी धर्माच्या कारणाने विरोध केला. 'सुबोध बायबल'चे हे कर्ते आपल्या देशीपणाचा पुरावा म्हणून मराठीखेरीज काही घेऊन आले नव्हते.

ध्वजसंहिता, शवपेटी आणि दहा ऑगस्ट

ध्वजसंहितेकडे वळले तर ती उपासनास्थळात ध्वज लावण्यास मनाई करीत नाही. तसा दावा कोणी करू नये. मात्र तिच्या अटी बोलक्या आहेत. ध्वजाला मानाची व ठळक जागा हवी. वक्त्याच्या व्यासपीठावर तो वक्त्याच्या उजव्या हाताला किंवा त्याच्या मागे भिंतीवर, त्याच्याहून उंच असावा. मेजाचे वा चौथऱ्याचे आच्छादन म्हणून, तोरण म्हणून, सजावट म्हणून तो वापरता येत नाही. त्याच्यावर फुले, हार वा कोणतेही बोधचिन्ह ठेवता येत नाही. वेदीमागच्या भिंतीवर मध्यभागी क्रूस असतो. प्रामाणिकपणे या अटी पाळायच्या म्हटल्या तर ध्वज क्रूसाच्या शेजारी लहान करून ठेवता येणार नाही आणि क्रूस ध्वजाच्या खाली आणता येणार नाही. दोन्ही चिन्हांना पहिले स्थान हवे आहे. अंगणात ही अडचण येत नाही, कारण तेथे क्रूस शिखरावर असतो, ध्वज आपल्या स्तंभावर, आणि कोणी कोणाच्या शेजारी मानासाठी उभा नसतो.

शवपेटीच्या बाबतीत दोन्ही परंपरा जवळ येतात. शासकीय, लष्करी किंवा केंद्रीय निमलष्करी इतमामाच्या अंत्यविधीतच ध्वज शवपेटीवर घालता येतो आणि तो पेटीबरोबर कबरेत उतरवता येत नाही. अमेरिकेतील कॅथलिक अंत्यविधीच्या ग्रंथात राष्ट्रध्वज चर्चच्या दाराशीच काढून ठेवण्याची सूचना आहे. आत जाताना पेटीवर बाप्तिस्म्याची आठवण देणारे शुभ्र वस्त्र घालतात. ध्वज खालचा म्हणून नव्हे. आत शिपाई आणि त्याचा स्वयंपाकी एकाच वस्त्राखाली जावेत म्हणून. १३ सप्टेंबर १९९७ रोजी कलकत्त्यात मदर तेरेसांना शासकीय इतमाम मिळाला तेव्हा त्यांच्या पार्थिवावर तिरंगा होता, आणि अंत्ययागाची मिस्सा नेताजी इनडोअर स्टेडियममध्ये झाली. राष्ट्राचा सन्मान आणि उपासना तेथे एकत्र आले ते कोणत्याही चर्चच्या वेदीसमोर नव्हे, सार्वजनिक जागी. हा योगायोग असेल. तरी तो अर्थपूर्ण आहे.

वऱ्हाडातील मंडळ्यांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची बाब शेवटी येते. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता मर्यादित केला. १९५६ मध्ये त्यात शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा समावेश झाला. ख्रिस्ती व मुसलमान दलित बाहेर राहिले. एकाच वस्तीतील, एकाच आडनावाची दोन घरे. एक बौद्ध, दुसरे ख्रिस्ती. जात एकच, पण पहिल्याला दाखला मिळतो, दुसऱ्याला नाही. या प्रश्नाच्या अभ्यासासाठी २०२२ मध्ये न्यायमूर्ती के. जी. बालकृष्णन आयोग नेमण्यात आला. भारतातील अनेक चर्चसंघटना १० ऑगस्ट हा निषेधाचा दिवस म्हणून पाळतात; काळ्या फिती व काळे झेंडे लावले जातात. पाच दिवसांनी त्याच मंडळीचे लोक त्याच अंगणात तिरंग्याला वंदन करतात. या दोन कृतींत विसंगती नाही, कारण अंगण ही नागरिकाची जागा आहे. तेथे तो निषेधही करतो आणि वंदनही.

या दोन तारखांच्या मध्ये दरवर्षी बहुधा एक रविवार येतो. त्या दिवशी पाळक शास्त्रपाठ वाचतो, राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना करतो (पौलाने तीमथ्याला तसे सांगितलेच आहे) आणि ज्यांना दाखला नाकारला गेला त्यांच्यासाठीही करतो. व्यासपीठाच्या उजव्या हाताला ध्वज उभा असता तर त्यातली दुसरी प्रार्थना त्याने कोणत्या आवाजात म्हटली असती, हे मंडळीने ठरवावयाचे आहे.